फेरेट घरात राहतो, मग मुंगूस का नाही?

कडेगाव तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की फडातून बाहेर पळणारं मुंगूस हे ओळखीचं दृश्य. कधी बांधाच्या बिळात त्याची पिल्लंही सापडतात. दुसरीकडे मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ दिसत असतात. लांबट अंगाचा, आखूड पायांचा, मुंगसासारखाच दिसणारा फेरेट मालकाच्या बाहीत शिरतोय, सोफ्यावर उड्या मारतोय. मग प्रश्न पडतोच. हा घरात राहतो, तर आपलं मुंगूस का नाही?

फेरेट आला कुठून?

फेरेट हा जंगलातून पकडून आणलेला प्राणी नाही. युरोपात पोलकॅट नावाचा रानटी प्राणी आहे. त्याच्यापासून माणसाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी फेरेट तयार केला. काम एकच होतं, बिळात शिरून सशांना बाहेर हुसकावणं. बॅलेरिक बेटांवर सशांनी पिकांचा फडशा पाडला, तेव्हा असे प्राणी बिळात सोडले जात, अशी नोंद ग्रीक भूगोलतज्ज्ञ स्ट्रॅबोने करून ठेवली आहे.

शेकडो पिढ्या माणसाने शांत, हाताळू देणारी जनावरंच पैदाशीसाठी निवडली. त्यामुळे आजचा फेरेट माणसाला घाबरत नाही.

स्वभाव कसा असतो?

फेरेट दिवसाचे १४ ते १८ तास झोपतो. जागा असला की मात्र स्वस्थ बसत नाही. आनंदात पाठीची कमान करून तिरक्या उड्या मारतो आणि कुक-कुक असा आवाज काढतो. त्याचं नाव ‘चोर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय आणि ते त्याला शोभतंही. मोजे, किल्ल्या, जे मिळेल ते ओढून तो कोपऱ्यात साठवतो.

पण तो सांभाळायला सोपा नाही. तो पूर्ण मांसाहारी आहे आणि त्याला दर काही तासांनी खायला लागतं. अंगाला उग्र वास असतो. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा आजार त्याच्यासाठी जवळपास हमखास जीवघेणा ठरतो. शिवाय त्याला ऊन सोसत नाही. पारा ३० अंशांच्या वर गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो. म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात त्याचे हालच होतील.

मुंगूस त्याचा भाऊ नाही का?

नाही. फेरेट विझल आणि पाणमांजराच्या कुळातला. मुंगसाचं कूळ वेगळं, ते मांजर आणि तरसाच्या जास्त जवळचं. बिळात शिरून शिकार करायची तर लांबट अंग आणि आखूड पाय सोयीचे, म्हणून दोघं सारखे दिसतात इतकंच.

आपल्याकडे मुंगसाबद्दल आपुलकी जुनी आहे. मुंगूस दिसणं शुभ मानतात. त्याने वळून तोंड दाखवावं म्हणून मुलं त्याला रामाची शपथ घालतात. सापापासून बाळाला वाचवणाऱ्या मुंगसाची पंचतंत्रातली गोष्ट तर घराघरात माहीत आहे. सापाच्या विषातले मज्जासंस्थेवर काम करणारे काही घटक मुंगसाच्या शरीरात नीट चिकटत नाहीत, म्हणून ते नागाशी भिडू शकतं. तरी त्याची खरी ढाल म्हणजे चपळाई.

लहानपणी आणलेलं पिल्लू काही दिवस अंगाखांद्यावर खेळतं, हेही खरं. पण एक पिल्लू माणसाळणं वेगळं आणि सगळी जात पाळीव होणं वेगळं. मुंगसाच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्यांची ती निवड झालेलीच नाही. मोठं झालं की ते एकटं राहू बघतं, हद्द सांभाळतं आणि चावतं.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुंगूस पकडणं, पाळणं, विकणं किंवा मारणं हा गुन्हा आहे. त्याच्या केसांचे रंगकामाचे ब्रश बनतात आणि त्यासाठी मोठ्या प्रमाणावर शिकार होते. या धंद्याविरुद्ध २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने अनेक राज्यांत छापे पडले. फेरेट परदेशी असल्याने त्याचा प्रश्न वेगळा आहे, पण परदेशातून जिवंत प्राणी आणायला केंद्र सरकारच्या परवानग्या लागतात. कागदपत्रांशिवाय कुणी विकत असेल तर सावध राहिलेलं बरं.

प्राणी चुकीच्या जागी नेला की काय होतं, याचे धडे दोघांनीही दिलेत. १८७२ मध्ये कोलकात्याहून नऊ मुंगसं उसातले उंदीर मारायला जमैकात नेली. त्यांनी उंदरांबरोबर तिथले पक्षी आणि सरपटणारे प्राणीही फस्त केले. न्यूझीलंडमध्ये सशांसाठी सोडलेले फेरेट जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर उठले.

पिल्लू सापडलं तर?

लगेच उचलू नका. आई बहुतेक वेळा जवळपासच असते. त्या भागातलं काम थोडा वेळ थांबवून तिला पिल्लं हलवू द्या. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण मुंगसापासूनही रेबीज होऊ शकतो.

कडेगावच्या शेतकऱ्याच्या कामाचं मुंगूस तसंही बांधावरच आहे. तिथे ते उंदीर खातं, साप आवरतं आणि खुराकाचा एक रुपयाही मागत नाही.