डिलीट केलेला मेल जातो कुठे? आजच्या भागाचा लिखित मजकूर

दहिसर आणि मीरा रोडच्या मध्ये रेंज गेली आणि भाग अर्धवट राहिला, असं झालं असेल तर इथे निवांत वाचा.

आपण मेल बघतो फोनवर. पण मीरा रोडच्या सोसायटीचं ऑफिस घ्या, नाहीतर भाईंदर पूर्वेचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. तिथे मेल असतो टेबलावरच्या पीसीत, थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये. तो पीसी 'डिस्क फुल' म्हणाला की हाक कोणाला जाते? तुम्हालाच. "तुला कळतं ना यातलं, जरा साफ करून दे." आता त्या मेलबॉक्समध्ये बिल्डरशी झालेला दहा वर्षांचा पत्रव्यवहार असला आणि कन्व्हेयन्स अजून बाकी असलं, तर? म्हणून आधी हे समजून घ्या: डिलीटचं बटण एक दिसतं, पण त्यामागे तीन वेगवेगळी कामं असतात.

पहिलं काम, ट्रॅशमध्ये टाकणं. इथे मेल फक्त जागा बदलतो. जीमेलमध्ये तो ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो, मग कायमचा जातो. आणि तोवर तुमच्या १५ जीबीतली जागा तो अडवूनच ठेवतो.

दुसरं काम, खोडणं. थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकाखाली एक लिहितो. वॉचमनकाकांचं व्हिजिटर रजिस्टर आठवा. चुकलेल्या नोंदीवर ते आडवी रेघ मारतात, पण त्यामुळे वही बारीक होत नाही. इथेही तसंच. मेल तुमच्या नजरेआड होतो, पण फाइलमध्ये तो तसाच असतो. हजार मेल उडवूनही डिस्क भरलेली का दिसते, याचं उत्तर हे.

तिसरं काम, कॉम्पॅक्ट करणं. म्हणजे नवी वही घ्यायची, न खोडलेल्या नोंदी तिच्यात उतरवायच्या आणि जुनी वही रद्दीत घालायची. थंडरबर्डमध्ये फोल्डरवर राइट क्लिक केलं की 'कॉम्पॅक्ट' दिसतं. क्लासिक आउटलुकमध्ये डेटा फाइलच्या सेटिंग्जमध्ये 'कॉम्पॅक्ट नाऊ' असतं. नवी वही लिहून होईपर्यंत जुनी हाताशी लागते, म्हणून डिस्क काठोकाठ भरायची वाट बघू नका. आणि मध्येच पीसी बंद करू नका.

खोडलेला मेल कॉम्पॅक्ट होईपर्यंत जाणकाराला बहुतेक वेळा परत काढता येतो. नंतर ती आशा सोडा. थंडरबर्ड बरीच जागा वाचणार असेल तेव्हा स्वतःहूनही कॉम्पॅक्ट करू शकतो. चुकून काही उडालं असेल, तर आधी प्रोग्रॅम बंद करा.

आता फोनचा संबंध. अकाउंट आयमॅपवर असेल, तर खरा मेल सर्व्हरवर असतो. फोन आणि पीसी ही त्याच्याकडे बघायची दोन खिडक्या. पीसीवर उडवलंत की फोनवरूनही गेलं! पॉपवर असेल तर उलट. मेल पीसीत उतरतो आणि 'लिव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' ही खूण नसेल, तर सर्व्हरवरून पुसला जातो. मग सगळा इतिहास त्या एका हार्ड डिस्कवर. म्हणून अकाउंट सेटिंग्जमध्ये आयमॅप आहे की पॉप, हे पहिल्यांदा बघा.

आउटलुकवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. तिथे सगळे फोल्डर एकाच पीएसटी किंवा ओएसटी फाइलमध्ये असतात. २००३ च्या आधीच्या आउटलुकमध्ये पीएसटी २ जीबीला अडायची. २०१० पासून ही मर्यादा ५० जीबी झाली. मर्यादा वाढली म्हणून काळजी संपली नाही. फाइल एकच, ती बिघडली तर सगळंच अडकतं.

मग साफसफाईचा क्रम काय?

एक, प्रोग्रॅम बंद करून थंडरबर्डचं पूर्ण प्रोफाइल फोल्डर, किंवा आउटलुकची पीएसटी, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आउटलुकमध्ये फक्त ओएसटी असेल, तर 'एक्सपोर्ट' करून पीएसटी बनवा.

दोन, मेल आकाराप्रमाणे लावा. जागा खातात त्या अटॅचमेंट. मोठे वीस-तीस मेल बघितले तरी बराच फरक पडतो.

तीन, महत्त्वाचे मेल 'लोकल फोल्डर्स'मध्ये घ्यायचे असतील तर 'मूव्ह' आणि 'कॉपी' यांतला फरक लक्षात ठेवा. मूव्ह केलं की सर्व्हरवरची प्रत जाते.

चार, ट्रॅश रिकामा करा, आणि शेवटी कॉम्पॅक्ट.

कोणी म्हणेल, महत्त्वाच्या मेलचे स्क्रीनशॉट आहेत की! पण मेल कुठून, कधी, कोणत्या सर्व्हरमार्गे आला, ही माहिती मेलच्या हेडरमध्ये असते. ती स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रिंट किंवा कॉपी पुरावा म्हणून द्यायची तर कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. वाद झालाच तर मूळ मेल हाताशी असलेला बरा. थंडरबर्डमध्ये 'सेव्ह अॅज' करून तो ईएमएल फाइल म्हणून ठेवता येतो, हेडरसकट.

तर पुढच्या वेळी कमिटीतले काका "सगळं उडव रे" म्हणाले, तर त्यांना आधी विचारा: "काका, बॅकअपची डिस्क कुठाय?" डिस्क नसेल, तर त्या दिवशी चहा पिऊन परत या. पुढच्या भागात भेटूच!