पडून राहिलेला माल म्हणजे पैसा नव्हे

वाशिम जिल्ह्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीच्या यात्रेला दूरदूरच्या तांड्यांवरून भाविक येतात. अशा यात्रेच्या गावात नारळ, पूजासाहित्य, बांगड्या, खेळणी विकणाऱ्यांचा बहुतेक धंदा मोजक्या दिवसांत होतो आणि उरलेला माल फळीवर चढतो. ‘माल आहे म्हणजे पैसा आहे’ हा समज इथेच पक्का होतो. प्रत्यक्षात तो मृतसाठा (बराच काळ गिऱ्हाईक न मिळालेला माल) असतो आणि त्यात खेळते भांडवल (रोजच्या खरेदी-विक्रीत फिरणारा पैसा) अडकून पडते. सोयाबीनचे बियाणे साठवून ठेवले की पोते तेवढेच दिसते, उगवणशक्ती मात्र घटत जाते, तसेच हे.

खरेदीपेक्षा कमी दराने विकणे म्हणजे तोटाच, हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण हिशेबशास्त्रसुद्धा साठ्याची किंमत खरेदीदर आणि मिळू शकणारा विक्रीदर यांपैकी जो कमी, तोच धरते. तोटा आधीच झालेला असतो. विक्रीने तो फक्त वहीत उतरतो. शंभराची वस्तू सत्तरला गेली, तर ते सत्तर रुपये नारळात घालून यात्रेत पुन्हा पुन्हा फिरवता येतात. पुढच्या वर्षी खपेल, असेही म्हणतात. पितळी घंटा खपेलही. पण उदबत्तीचा वास उडतो, उन्हातले प्लास्टिक ठिसूळ होते. म्हणून सरसकट सगळे काढू नका. प्रत्येक खोक्यावर खरेदीची तारीख लिहा आणि दोन यात्रांत न हललेला माल आधी काढा.