नेवासे : प्रवरातीरी एक दिवस

नेवाशास समुद्र नाही. प्रवरेचा तीर मात्र आहे. सकाळी प्रथम पैस खांब पाहावा. त्यास टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, अशी परंपरा आहे. नदीकाठच्या लाडमोड टेकडीकडे सहसा कोणी फिरकत नाही, ही खेदाची गोष्ट. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ मध्ये केलेल्या उत्खननात मातीच्या कुंभांत पुरलेली ताम्रपाषाणयुगीन बालके आढळली. रोमन मद्यकुंभांचे तुकडेही मिळाले! दुपारनंतर प्रवरासंगमास जावे. तेथे प्रवरा गोदावरीस मिळते. जवळच टोक्याचे सिद्धेश्वर मंदिर आहे. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा फुगवटा येथवर येतो. हिवाळ्यात त्या पाण्यावर परदेशी पक्षी उतरतात. त्याच जलाशयाखाली कित्येक कुटुंबांची शेते व घरे गेली आहेत.