‘हॅक झालं’, ‘मेमरी फुल’, ‘वायफाय संपलं’: शब्द चुकला की उपाय का चुकतो?

फोनबद्दल बोलताना आपण बरेच शब्द ढोबळमानाने वापरतो. फोनपेवरून पैसे पाठवले तरी ‘जीपे केलं’ म्हणतो. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, प्रत ‘झेरॉक्स’च असते. वीज गेली की ‘लाईट गेली’. माझी याला काही हरकत नाही. समोरच्याला अर्थ कळला, विषय संपला.

पण काही शब्द असे आहेत की ते चुकले तर पुढचं पाऊलही चुकतं. मित्र, नातेवाईक मला फोनच्या अडचणी विचारतात तेव्हा हे तीन हमखास ऐकू येतात.

१. ‘माझं अकाउंट हॅक झालंय!’

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ‘हॅक’ म्हणजे डोकं लढवून केलेली करामत. म्हणूनच ‘हॅकर म्हणजे चोर’ हे अनेक जुन्या प्रोग्रामरना आजही खटकतं. मला मात्र वेगळंच खटकतं. या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो.

बनावट प्रोफाइल: कुणीतरी तुमचा फोटो आणि नाव घेऊन नवीन अकाउंट उघडलं आणि तुमच्या मित्रांकडे पैसे मागितले. तुमचं मूळ अकाउंट शाबूत आहे, त्यामुळे पासवर्ड बदलून काही होणार नाही. ते खोटं प्रोफाइल रिपोर्ट करा, मित्रांनाही करायला सांगा.

ताबा गेला: तुमचं व्हॉट्सॲप दुसराच कुणी चालवतोय. बहुतेक वेळा तुमच्याकडून सहा अंकी कोड काढून घेतलेला असतो. आपल्या नंबरने पुन्हा लॉगिन करा, एसएमएसने आलेला कोड टाका, म्हणजे तो माणूस आपोआप बाहेर पडतो. चोराने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला ७ दिवस थांबावं लागू शकतं. म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशन आधीच चालू करून ठेवा.

फसवणूक: ओटीपी किंवा यूपीआय पिन आपणच दिला आणि पैसे गेले. इथे कुणी काही ‘फोडलेलं’ नसतं. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ‘हॅक कसं झालं असेल’ यावर चर्चा करण्यात जाणारा वेळ तुमच्याच खिशातून जातो. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: पैसे मिळवायला पिन लागत नाही.

२. ‘मेमरी फुल झाली’

मेमरी कुठली? फोनच्या खोक्यावर ‘८ जीबी / १२८ जीबी’ लिहिलेलं असतं. पहिला आकडा रॅमचा, म्हणजे काम करायच्या टेबलाचा. दुसरा स्टोरेजचा, म्हणजे कपाटाचा. फोटो आणि व्हिडिओ कपाटात असतात. कपाट अगदी काठोकाठ भरलं तर फोन मंदावतो, तेव्हा सफाई उपयोगी पडते. पण अर्धं कपाट रिकामं असताना गेम अडकत असेल, तर लग्नाचे फोटो उडवून काहीही फरक पडणार नाही. आधी सेटिंग्जमध्ये स्टोरेज किती उरलंय ते बघा.

नवीन फोन घेतानाही हाच गोंधळ महागात पडतो. जाहिरातीत ‘८+८ जीबी रॅम’ दिसलं तर त्यातले दुसरे ८ जीबी म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. ती खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते.

३. ‘वायफाय संपलं’

संपतो तो डेटा. वायफाय म्हणजे फक्त राउटरपासून फोनपर्यंतची बिनतारी जोडणी. वायफायच्या रेघा पूर्ण दिसतात तरी काही उघडत नाही? घरातला दुसरा फोन जोडून बघा. तोही अडला तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये आहे. राउटर एकदा बंद-चालू करा, नाहीतर इंटरनेटवाल्याला फोन करा. आपला फोन रिसेट करत बसू नका.

मदत मागताना नेमका शब्द सुचला नाही तरी चालेल. स्क्रीनवर काय दिसलं, काय दाबलं, कुणाला काय सांगितलं, एवढं सरळ सांगा. आणि घरातलं मोठं माणूस ‘हॅक झालं’ म्हणालं तर हसू नका. माणूस लाजला की ओटीपी दिल्याचं लपवतो, आणि नेमकं तेच आपल्याला सगळ्यात आधी कळायला हवं असतं.