घास भरवणे आणि घास घेणे

मराठीत आपण म्हणतो, आई मुलाला भरवते. या वाक्यात कर्ता आई आहे, मुलाने नुसते तोंड उघडायचे. माझ्या घरी दखनी बोलली जाते. तिथे घासाला निवाला म्हणतात आणि तोही ‘खिलाया’ जातो, म्हणजे तिथेही कर्ता मूल नाहीच. चिऊ-काऊच्या नावाने भरवलेल्या घासांवरच आपण सारे वाढलो, त्यातली माया कोण नाकारील? पण सात-आठ महिन्यांचे मूल ताटाकडे झेपावते, चमचा हिसकावते, वरणात हात घालते, तेव्हा ती नुसती मस्ती नसते. ‘आता मला खाऊ द्या’ असे ते सांगत असते. मी कवी माणूस, डॉक्टर नव्हे. पण घरात नातवंडे वाढली, त्या निमित्ताने जाणत्यांना विचारले, थोडे वाचले. ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, मग वरचे अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूधही दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपली उष्टावणाची रीत साधारण याच सुमारास येते. आमच्याकडेही खीर चाटवतात. अडचण असते ती पुढे. उष्टावण थाटात होते आणि नंतर कितीतरी महिने मूल पातळ पेज आणि वरणाच्या पाण्यावर राहते. पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगी काही लागत नाही. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास ओसरू लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. म्हणजे शंभरातली सदुसष्ट मुले! म्हणूनच बाळाच्या हातात काय पडते, हा नुसता कौतुकाचा विषय नाही.

आधी हाताचे गणित समजून घेऊ. सहा-सात महिन्यांचे मूल वस्तू मुठीत धरते. मुठीतले त्याला सोडता येत नाही. मुठीबाहेर जेवढे डोकावेल तेवढेच ते चोखते, चावते. म्हणून या वयात तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब हवा. पुढे आठ ते दहा महिन्यांत अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमू लागते. मग वाटाण्याएवढे मऊ तुकडे ताटलीत टाकावेत. ते एकेक टिपताना मुलाची नजर, बोटे आणि जबडा एकत्र काम करायला शिकतात. दात आले नाहीत म्हणून थांबण्याचे कारण नाही. मऊ अन्न हिरड्यांनीही चांगले चुरडते.

अन्न पुरेसे मऊ आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. तुकडा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबून पाहावा. सहज चुरला तर द्यावा, नाहीतर पुन्हा वाफवावा.

यासाठी बाजारात जायला नको. रताळे, लाल भोपळा, गाजर, बटाटा हे उकडून त्यांच्या लांबट फोडी करा. केळ्याची साल धुऊन निम्मी तशीच ठेवा, बाळाला धरायला मूठ मिळते. पिकलेली पपई, आंबा, बिया काढलेला चिकू द्या. इडलीच्या पट्ट्या, मुगाच्या डाळीचे मऊ धिरडे, त्यात बारीक चिरलेला पालक किंवा मेथी चालेल. भाकरी ताजी आणि मऊ असावी, वरणात किंवा दुधात भिजवलेली. आमच्या सोलापूरची कडक भाकरी मोठ्यांसाठीच ठेवा, तिचे टोकदार तुकडे घशात टोचतात. चालत असेल त्या घरी पूर्ण उकडलेले अंडे, काटे नीट काढलेला मासा, मिरची न घातलेल्या खिम्याचे मऊ कबाब द्यावेत. मांस-मासळीतले लोह शरीराला लवकर मिळते. शाकाहारी घरात डाळी आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने त्यातले लोह अधिक शोषले जाते. उलट चहा हे लोह अडवतो. चहात बुडवलेले बिस्कीट किंवा खारी ही कित्येक घरांत बाळाची न्याहारी असते, ती बंद करावी. वर्षाच्या आत वरून मीठ-साखर घालू नये. फिकेपण आपल्याला जाणवते, बाळाला नाही.

मधाबद्दल वेगळे सांगायला हवे. नवजात बाळाला मध चाटवण्याची रीत हिंदूंच्या घरी आहे, मुसलमानांच्या घरीही आहे. मधात कधी कधी एका जंतूचे बीज असते. मोठ्यांचे पोट ते पचवते, पण तान्ह्याच्या आतड्यात ते विष तयार करते. तेव्हा वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही, वडीलधारे कितीही आग्रह करोत.

काही वस्तू घशात अडकतात. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, कच्चे गाजर, सफरचंदाची कच्ची फोड, लाह्या, गोळ्या, बोराची आणि सीताफळाची बी. ही सारी आपल्या घरात इतकी हाताशी असतात, की त्यांचे भय वाटेनासे होते. शेंगदाण्याचा बारीक कूट पातळ भाजीत घालता येतो, पण अख्खा दाणा नको. द्राक्ष उभे चिरून चार भाग करावे. मूल ताठ बसलेले असावे. आडवे, रांगत किंवा रडत असताना खायला देऊ नये आणि खाताना त्याला एकटे सोडू नये.

घास पुढे गेला की मूल ओकारी देते, खोकते, लाल होते. आपण घाबरतो, पण आवाज येतोय तोवर त्याचे शरीर आपले काम करत असते. खरी भीती शांततेची. आवाज नाही, रडू नाही, ओठ निळे पडू लागले, तर घसा बंद झाला आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि खांद्याच्या दोन हाडांमध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. घास निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाचदा दाबावे आणि हे आलटून पालटून करावे. घशात आंधळेपणाने बोट घालू नये, घास आणखी आत जातो. दरम्यान दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. आजी-आजोबांनी तर हे आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष पाहून घ्यावेच, कारण दुपारी बाळ बहुधा त्यांच्यापाशीच असते.

आता राहिला प्रश्न, मूल स्वतः खाऊ लागले तर पुरेसे खाईल का? क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२८ मध्ये आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुकतेच दूध सुटू लागलेल्या मुलांपुढे वेगवेगळे अन्न ठेवले आणि निवड त्यांच्यावर सोपवली. १९३९ च्या त्यांच्या वृत्तान्तात १५ मुले आणि ३४ पदार्थ यांचा हिशेब आहे. मुलांनी कधी विचित्र जोड्या जमवल्या, पण एकूण ती उत्तम वाढली. मात्र बाईंनीच सांगितले, की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. साखर किंवा तयार खाऊ त्यात नव्हताच. म्हणजे ताटलीत काय ठेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाने.

त्यासाठी चमचा फेकून द्यायला नको. थोडे भरवावे, थोडे त्याच्यापुढे ठेवावे. सांडेल, केसांना लागेल, डाव्या हातानेही खाईल. उजव्या हाताचा आग्रह आपल्या दोन्ही समाजांत आहे, पण या वयात हात ठरलेला नसतो, दटावू नये. खाली एक जुनी चादर अंथरली की निम्मे भांडण मिटते. राहिलेले निम्मे सासू-सुनेने आपसात मिटवावे. बाळाचे जेवण तेवढ्यासाठी थांबवू नये.