गाडी चालवता येते, पण वाट ठाऊक आहे का?

बाजाराला, दवाखान्यात, बँकेत हप्ता भरायला आपण वडापच्या जीपने जातो. बसताना भाडं विचारतो, लायसन्स कुणी विचारत नाही. ओळखीतलाच पोरगा, त्याला काय विचारायचं? पण रात्री दोन वाजता सुनेला कळा सुरू झाल्या तर तिला घेऊन त्याच्याच गाडीत बसावं लागतं. म्हणून आज हा विषय घेतलाय.

आधी पाटी बघा. भाड्याने माणसं नेणाऱ्या जीपची पाटी पिवळी आणि त्यावरची अक्षरं काळी असतात. पांढरी पाटी म्हणजे घरची गाडी, तिला भाडं घेण्याचा परवाना नसतो. पैसे देऊन अशा गाडीत बसलो आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग घरच्यांनी भरपाईसाठी कोर्टात खेटे घालायचे. मात्र आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने न्यायचं असेल, तर परवान्याविना गाडी वापरल्याच्या शिक्षेतून मोटार वाहन कायद्याने सूट दिली आहे. गाडी वापरणाऱ्याने सात दिवसांत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवायचं. हे गावातल्या गाडीवाल्यांना जरूर सांगा, कारण केसच्या भीतीने पेशंट घ्यायला नाही म्हणणारे असतात.

गाडीत किती माणसं बसवायची तेही ठरलेलं आहे. ड्रायव्हर सोडून सहापर्यंत असतील तर ती मोटारकॅब, सातपासून बारापर्यंत असतील तर मॅक्सीकॅब. मागच्या फळीवर उभे राहिलेले कोणत्याच हिशोबात नाहीत.

आता ड्रायव्हर. साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या गाडीसाठी लायसन्सवर वाहतुकीचा वेगळा शेरा लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. पण आपल्या राज्यात टॅक्सी-रिक्षा चालवणाऱ्याला आरटीओचा बिल्ला लागतो, आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. रोज शाळेच्या मुली ज्या गाडीने जातात, तिच्या ड्रायव्हरकडे बिल्ला आहे का, हे विचारण्यात काहीच गैर नाही.

टॅक्सीवाल्याला मराठी यावी आणि परिसराची माहिती असावी, हीसुद्धा अपेक्षा आहे. पण ही माहिती खरोखर तपासायची कशी? इंग्लंडमध्ये टॅक्सीचं लायसन्स तिथली स्थानिक कौन्सिल देते आणि खेड्यापाड्यांच्या भागातही कित्येक ठिकाणी परिसराच्या माहितीची परीक्षा घेते. लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांना तर शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. आपल्याकडे आरटीओचं ऑफिस जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथल्या साहेबांना आपला ओढा कुठून ठाऊक असणार?

आमचं म्हणणं असं, की ही परीक्षा आपल्या गटाने घ्यावी. सरकारी नाही, कागदावरची नाही. मीटिंगला गावातल्या दोन-चार गाडीवाल्यांना चहाला बोलवा आणि बोलता बोलता विचारा. फरशीवरून पाणी गेलं तर दुसरी वाट कोणती, आणि त्या वाटेने किती वेळ लागतो? रात्री सिझेरियन कुठे होतं? प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होत नाही. तिथे जाऊन, चिठ्ठी घेऊन पुढे निघायचं म्हणजे मोलाचा अर्धा-पाऊण तास गेला. सापाच्या विषावरची लस जवळ कुठे मिळते? फोनची रेंज कोणत्या वळणापासून जाते? बुद्रुक कुठलं आणि खुर्द कुठलं? यावर हसू नका. दोन्ही गावांत ओढा असतो, बाहेरचा ड्रायव्हर नेमका पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहतो, आणि फोनवर आपण म्हणतो, 'अहो, आम्ही तर रस्त्यावरच उभ्या आहोत.' वाड्या-वस्त्यांची नावं तर मोबाइलच्या नकाशात बऱ्याचदा नसतात. शाळेमागचं चिंचेचं झाड, बंद पडलेली गिरणी, हाच आपला पत्ता.

ज्यांची उत्तरं बरोबर आली त्यांचे नंबर आशाताईंकडे आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवा. पहिला फोन मात्र 108 ला करायचा. बाळंतपणासाठी 102 ची गाडी मोफत असते. ती यायला उशीर होतोय असं दिसलं, की भिंतीवरचा नंबर फिरवायचा.

आणखी एक. प्रवासी गाडी चालवायला आठवी पास असण्याची अट होती, ती 2019 मध्ये केंद्र सरकारने काढून टाकली. शाळा लवकर सुटलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींना लेकी-सुनांची माहेरं धरून पंचक्रोशीतली प्रत्येक वाट पाठ आहे. तुमच्या गटात कुणाला स्टिअरिंग धरायची हौस असेल तर नाव कळवा. लर्निंग लायसन्सचा अर्ज कसा भरायचा, ते पुढच्या भागात घेऊ.