कंपवात समजून घेताना – लेखांक ९ : ताट आणि व्यायाम

मागच्या लेखात तोल सावरण्याचे आणि चालण्याचे व्यायाम पाहिले. ते वजन ठीकठाक असलेल्या रुग्णांसाठी होते. पण कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, जसजसा वाढतो तसं अनेकांचं वजन उतरत जातं. कपडे ढगळ होतात, कवळी सैल पडते आणि घरचे म्हणतात, ‘वयच झालं आता.’ हे वयाच्या खात्यावर टाकू नका. ६० किलोच्या माणसाचं वजन सहा महिन्यांत नकळत ३ किलोंनी उतरलं, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

कारणं बरीच असतात. हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी अनेकांची वास घेण्याची शक्ती मंदावते. फोडणीचा वासच येत नसेल तर भूक कशी चाळवणार? जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून चार घासांत पोट भरतं. बद्धकोष्ठता आणि उदासी असतेच. शिवाय वजन घटूनही लेव्होडोपाचा डोस तोच राहिला, तर दर किलोमागे औषध जास्त पडतं. त्यातून अंगाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली वाढू शकतात, त्यात ऊर्जा खर्च होते आणि वजन आणखी घटतं. म्हणून वजन उतरलेल्या रुग्णाच्या गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांनी नव्याने पाहावा लागतो.

सर्वांत मोठं नुकसान मात्र एका अर्धवट सल्ल्याने होतं. प्रथिनं पचून तयार होणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच मार्गाने जातात, त्यामुळे भरपूर प्रथिनांच्या जेवणासोबत घेतलेली गोळी कमी पडू शकते. हे ऐकून काही घरांत डाळ, दूध, अंडी बंदच होतात. हाडं वर आलेल्या माणसाच्या बाबतीत हे घातक आहे. प्रथिनं कमी करायची नसतात, गोळीची वेळ सांभाळायची असते. गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी. तेवढ्याने भागलं नाही, तर दिवसाची बरीचशी प्रथिनं रात्रीच्या जेवणात घ्यायची पद्धत आहे. ती डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच पाळावी.

पोट लवकर भरतं, म्हणून ताट मोठं करून उपयोग नाही. घास तेवढाच ठेवून त्यात जास्त घालावं. एक चमचा तुपात सुमारे ४५ कॅलरी असतात. मऊ भातावर तूप, भाजीत शेंगदाण्याचं बारीक कूट, नाचणीच्या खिरीत साय, असं थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं. गोळीचा अंमल चांगला असतो त्या वेळी जेवण ठेवलं की हातही चालतो आणि गिळणंही सोपं जातं. पाणी किंवा चहा पिताना ठसका लागत असेल, तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. त्यांचं काम बोलण्यापुरतं नसतं. काहींना ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत जातं.

व्यायाम थांबवायचा नाही, पण त्याची जात बदलायची. लांब फेऱ्यांनी खर्च वाढतो. त्याऐवजी खुर्चीतून उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं असे स्नायूंना ताकद देणारे व्यायाम थोडा वेळ, मध्ये विसावा घेत करावेत आणि त्यानंतर काहीतरी खावं. पोटात काही नसताना करवून घेतलेल्या व्यायामाने स्नायू वाढत नाहीत. हे फिजिओथेरपिस्टनाही स्पष्ट सांगा, कारण त्यांच्यासमोरच्या कागदावर बहुधा वजन लिहिलेलं नसतं.

एक सावधगिरी हवी. पाच-सात दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू सुरुवात करावी लागते.

आठवड्यातला एक वार ठरवून, सकाळी, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. पुढच्या तपासणीला गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर ती वहीही न्या.

(पुढील लेखांकात : गिळण्याचे व्यायाम)